प्रस्तावना : चालत्या धंद्याची ओढ

२००५ साली व्हिडिओकॉनने थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, चितेगावात टीव्ही बनवून मोठी झालेली ही कंपनी आता इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधल्या कारखान्यांची मालक होणार होती. मराठवाड्यातल्या माणसाची छाती फुगावी अशीच ती बातमी होती. पण हे कारखाने ज्या युरोपात होते, तिथली कुटुंबं त्याच वर्षांत जाडजूड काचेच्या ट्यूबचे टीव्ही घराबाहेर काढून सपाट पडद्याचे टीव्ही आणू लागली होती. थॉमसनला या धंद्यातून बाहेर पडायचं होतं आणि व्हिडिओकॉनला आत शिरायचं होतं. दहा वर्षं उलटायच्या आत रोमजवळच्या अनान्यीतला ट्यूबचा कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये खुद्द व्हिडिओकॉनच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

सपाट पडदा येतोय हे व्हिडिओकॉनमधल्या कुणाला ठाऊक नसेल, असं मानणं म्हणजे तिथल्या इंजिनिअरांचा अपमान आहे. त्या वेळी या व्यवसायातल्या प्रत्येकालाच ते दिसत होतं. व्हिडिओकॉनचा हिशेब वेगळा होता आणि तो वेडगळ नव्हता. भारतात अजून बहुतेक घरांत ट्यूबचाच टीव्ही जात होता. टीव्हीच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा ट्यूबचा असतो, तेव्हा ट्यूब ज्याच्या हातात तो टीव्हीच्या किमतीचा राजा, हे गणित वीस वर्षं बरोबर ठरलं होतं. कंपनीची हुशारी, तिची माणसं, तिची यंत्रं, तिला कर्ज देणाऱ्या बँका, सगळी या गणितावर उभी होती. त्यामुळे गणित बदलायची वेळ आली तेव्हा कंपनीने तेच गणित आणखी मोठ्या आकड्यांनी मांडलं.

हे पुस्तक अशा निर्णयांविषयी आहे. रेडिओ, टीव्ही, कॅमेरा, टेपरेकॉर्डर, संगणक, मोबाइल, म्हणजे आपण दुकानात जाऊन आपल्या पैशाने घरी आणतो ती यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या कशा जिंकतात आणि कशा घसरतात, हा त्याचा विषय. मराठीत तंत्रज्ञानावर लिहिलं जातं ते बहुधा शोधांविषयी, आणि उद्योगांवर लिहिलं जातं ते बहुधा उद्योगपतींविषयी. या दोहोंच्या मधला मोठा प्रदेश रिकामा राहतो. प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू काउंटरवर पोचेपर्यंत तिचं काय होतं, तिची किंमत कोण ठरवतं, ती कुणाच्या दुकानात ठेवली जाते, तिची जाहिरात नेमकं कशाचं आश्वासन देते आणि ते आश्वासन वस्तू पाळते का, या प्रश्नांवर हजारो माणसांच्या नोकऱ्या आणि लाखो घरांचे पैसे अवलंबून असतात. म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो. तो केवळ व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवायचा विषय नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या क्षेत्रात मोठी कंपनी बुडते ती बहुतेक वेळा नवी गोष्ट न दिसल्यामुळे नव्हे. आज जी गोष्ट तिला पोसते आहे ती तिला सोडवत नाही, म्हणून ती बुडते. कारखाना, गोदामातला माल, वितरकांशी असलेले करार, ठरावीक कौशल्याची माणसं, स्वतःच्या मालकीची गाण्यांची कंपनी, ही सगळी यशाची कमाई असते आणि तीच कंपनीला मागे ओढते. जिंकणाऱ्या कंपनीची परीक्षा स्वतःचा चालता धंदा स्वतःच्या हाताने कमी करण्यात असते.

कोडॅकची गोष्ट या विषयात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातलं महत्त्वाचं अंग झिजून गेलं आहे. कोडॅकचे तरुण इंजिनिअर स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ साली रॉचेस्टरमध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. तो साडेतीन किलोंहून जड होता आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायचे. एवढं सांगून झालं की गोष्ट सहसा सरळ २०१२ च्या दिवाळखोरीवर उडी मारते आणि कंपनीने आपलाच शोध दडपला असा निकाल देऊन मोकळी होते. मधल्या सदतीस वर्षांत कोडॅक झोपली नव्हती. २००५ च्या सुमारास अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनी कोडॅकच होती. पण कॅमेरा विकून मिळणारा नफा तुटपुंजा होता, आणि फिल्म, ती धुण्याची रसायनं आणि छपाईचा कागद यांवरचा नफा घसघशीत होता. ज्या माणसाने एकदा कॅमेरा घेतला तो पुढे आयुष्यभर रोल घेत राहतो, यावर सगळं घर चालत होतं. डिजिटल कॅमेऱ्याचा गिऱ्हाईक एकदा येऊन गेला की पुन्हा दुकानात येत नाही. कोडॅकने नवी वस्तू आणली, पण जुन्या नफ्याची भरपाई करणारं काहीच त्या नव्या वस्तूत नव्हतं.

याच संकटात सापडलेल्या फुजीचं उदाहरण म्हणूनच अधिक बोलकं आहे. २००० च्या सुमारास फिल्मची मागणी शिखरावर पोचली आणि नंतर कोसळली. शिगेताका कोमोरी यांच्या नेतृत्वाखाली फुजीने फिल्म विभागातून हजारो माणसं कमी केली. ते निर्णय क्लेशाचेच होते. पण कोमोरींनी एक प्रश्न नीट विचारला: फिल्म बनवताना आपण नेमकं काय करायला शिकलो? अतिशय पातळ थर एकसारखा पसरवायला शिकलो, जिलेटिन आणि कोलॅजन हाताळायला शिकलो, रंग विटू नये म्हणून रसायनं आवरायला शिकलो. त्या पातळ थराच्या विद्येतून फुजीने एलसीडी पडद्यांना लागणारी खास फिल्म बनवली आणि कोलॅजनच्या ज्ञानातून त्वचेच्या प्रसाधनांचा धंदा उभा केला. ज्या सपाट पडद्याने व्हिडिओकॉनच्या ट्यूब बिनकामाच्या केल्या, त्याच पडद्यावर फुजी तगली. दोघींच्याही हातात कालचा धंदा होता. एकीने त्यातली यंत्रं जपली, दुसरीने त्यातली विद्या.

सोनीचं प्रकरण या पुस्तकात लांबलं आहे, कारण एकाच कंपनीत जिंकण्याची आणि हरण्याची दोन्ही उदाहरणं इतकी स्वच्छ क्वचित सापडतात. १ जुलै १९७९ रोजी वॉकमन बाजारात आला. किंमत ३३,००० येन. बातमीदारांच्या टेपरेकॉर्डरमधून रेकॉर्डिंगची सोय काढून टाकून ते यंत्र बनवलं होतं. ध्वनिमुद्रण न करणारा टेपरेकॉर्डर कोण घेणार, ही शंका कंपनीतच होती आणि ती रास्त होती. सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता मात्र ठाम होते. पहिल्या महिन्यात विक्री अगदी थोडी झाली. मग सोनीच्या माणसांनी टोकियोच्या रस्त्यांवर, बागांत, गाड्यांत तरुणांच्या कानांवर स्वतः हेडफोन ठेवायला सुरुवात केली. या यंत्राची महती शब्दांत सांगता येत नव्हती, कानाला लावल्याशिवाय ती कळत नव्हती. हे ओळखून प्रचाराची तशी पद्धत निवडणं हे मला सोनीचं त्या वर्षातलं मोठं शहाणपण वाटतं. ऑगस्ट संपेपर्यंत पहिली ३०,००० यंत्रं संपली.

वीस वर्षांनी गाणी फायलींमध्ये आली, तेव्हा सोनीकडे काय नव्हतं? वॉकमनचं नाव होतं, छोटी यंत्रं बनवण्याचं जगातलं उत्तम कौशल्य होतं, बॅटऱ्या होत्या, आणि १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतल्यामुळे गाण्यांचा प्रचंड साठाही होता. शेवटची गोष्टच आडवी आली. गाण्यांच्या विभागाला फुकट होणाऱ्या नकलांची धास्ती होती, यंत्रांच्या विभागाला गिऱ्हाईक हवं होतं, आणि दोघे एकाच घरात राहत होते. त्यातून सोनीच्या प्लेअरवर कितीतरी वर्षं एमपी-३ फाइल सरळ वाजत नव्हती. ती आधी सोनीच्या स्वतःच्या प्रकारात बदलावी लागायची. ॲपलचा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आला. त्याचे ३९९ डॉलर पडत आणि सुरुवातीला तो फक्त मॅकिन्टॉशवर चालत होता. मात्र त्याची जाहिरात एका वाक्याची होती: हजार गाणी तुमच्या खिशात. पाच गिगाबाइट म्हणजे किती हे सामान्य माणसाला कळत नाही, हजार गाणी म्हणजे किती हे कुणालाही कळतं. एप्रिल २००३ मध्ये ॲपलने गाण्यांचं दुकान उघडलं, ९९ सेंटला एक गाणं. ॲपलच्या मालकीचं एकही गाणं नव्हतं, म्हणून तिला कुणाच्याच धंद्याची काळजी घरात बाळगावी लागत नव्हती.

त्यानंतर ॲपलने जे केलं ते आयपॉडच्या शोधापेक्षाही मला मोठं वाटतं. सप्टेंबर २००५ मध्ये, आयपॉड मिनी धडाक्यात खपत असताना, तिने तो बंद केला आणि त्याच्या जागी नॅनो आणला. २००६ च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या एकूण उत्पन्नातला जवळपास चाळीस टक्के वाटा आयपॉडचा होता. आणि तेव्हाच आयपॉड ज्याच्या पोटात जाईल असा फोन बनवण्याचं काम कंपनीत चाललं होतं. जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला. आपल्याच दुभत्या धंद्यावर असा घाव घालायला स्टीव्ह जॉब्ज यांच्यासारखी एकाधिकार असलेली व्यक्ती लागते का, की एखाद्या नीट चाललेल्या संचालक मंडळालाही ते जमू शकतं? फुजीचं उदाहरण पाहिलं की मला वाटतं, जमू शकतं. पण कुणीतरी एकाने त्या निर्णयाची जबाबदारी उघडपणे आपल्या अंगावर घ्यावी लागते.

आता नोकियाकडे वळतो, कारण मराठी वाचकाच्या खिशातून गेलेली ही गोष्ट आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला, तो भारतातला पहिला मोबाइल कॉल. त्यात वापरलेला फोन नोकियाचा होता. पुढे नोकियाने भारतात जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. २००० साली तिने हिंदी मेनू असलेला फोन आणला. २००३ मध्ये ११०० आणला. त्याच्या माथ्यावर टॉर्च होती, सी-ची कळ दाबून धरली की लागणारी. कळा रबराच्या एकाच तुकड्याच्या, म्हणून आत धूळ जात नव्हती. कडा खरबरीत, म्हणून घामेजल्या हातातून तो निसटत नव्हता. महाराष्ट्रात त्या वर्षांत भारनियमनाने गावंच्या गावं रात्री अंधारात असायची. शेतात पाणी द्यायला रात्री जाणाऱ्या माणसाला फोन आणि बॅटरी एकाच खिशात मिळाली. अकराशेचे जगभरात २५ कोटींहून अधिक नग खपले. एचसीएल इन्फोसिस्टीम्सच्या वितरणातून हे फोन तालुक्याच्या गावापर्यंत पोचले होते आणि दुरुस्तीची सोयही त्यांच्या मागोमाग गेली होती.

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी नावाच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात. भारतात तेव्हा फोन फुटण्याच्या अफवा पसरल्या. नोकियाने बॅटरीवरचा क्रमांक एसएमएसने पाठवून ती सदोष आहे का हे तपासण्याची सोय केली आणि सदोष बॅटऱ्या फुकट बदलून दिल्या. त्या बॅटऱ्या मात्सुशिता कंपनीने बनवल्या होत्या, तरी दोष दुसऱ्याचा आहे असं सांगून तिने अंग झटकलं नाही. विश्वास कसा टिकवावा याचा हा उत्तम धडा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही म्हणून मी इथे मुद्दाम सांगतो.

मग ही कंपनी भारतात का घसरली? आयफोनचं नाव सगळे घेतात. पण नोकियाचा भारतातला पाया आयफोनने हलवला नाही. भारतातला पहिला धक्का दोन सिमचा होता. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणला आणि कंपन्यांमध्ये दरयुद्ध पेटलं. एका कंपनीचं सिम बोलायला, दुसऱ्याचं मेसेजला, तिसरं फक्त मिस्ड कॉल घ्यायला, अशी सवय लागली. लोक बॅटरी काढून दिवसातून चार वेळा सिम बदलत होते. काउंटरवर उभं राहणाऱ्या कुठल्याही पोराला हे दिसत होतं. मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा यांनी चीनमधून बनवून घेतलेले दोन सिमचे स्वस्त फोन आणले आणि ते हातोहात गेले. नोकियाने पहिला दोन सिमचा फोन २०१० मध्ये जाहीर केला. त्यातही एका वेळी एकच सिम चालायचं, दुसऱ्यावर जायला कळ दाबून धरावी लागायची. दोन्ही सिम एकाच वेळी जागी ठेवणारे तिचे फोन आले ते २०११ मध्ये.

जगातली सर्वांत मोठी फोन कंपनी, जिने धूळ आणि घाम यांचा विचार केला होता, तिला दोन सिमची खाच काढायला एवढी वर्षं का लागावीत? युरोपात आणि अन्य कितीतरी देशांत फोन मोबाइल सेवा कंपन्याच विकतात. गिऱ्हाइकाच्या खिशात प्रतिस्पर्ध्याचं सिम जाईल असा फोन त्यांना नको असतो. नोकियाचा मोठा धंदा या कंपन्यांशी होता. भारतात मात्र फोन दुकानदार विकतो, आणि दुकानदाराला सिम कुणाचं आहे याच्याशी कर्तव्य नसतं. माझ्या मते नोकिया भारतातल्या गिऱ्हाइकाकडे युरोपातल्या गिऱ्हाइकांशी झालेल्या करारांतून पाहत राहिली, आणि त्या काळात मायक्रोमॅक्सने तिचा काउंटर घेतला.

स्मार्टफोनमधली तिची घसरण मात्र जगभरची होती. नोकियाने २००५ मध्येच टचस्क्रीनचं इंटरनेट यंत्र आणलं होतं, तेव्हा तंत्रज्ञान नव्हतं असं म्हणता येत नाही. सिम्बियन ही प्रणाली तिच्या हजारो इंजिनिअरांची भाकरी होती, ती सोडवत नव्हती. शेवटी सोडली तीही चुकीच्या पद्धतीने. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी जाहीर केलं की यापुढे नोकियाचा मुख्य स्मार्टफोन विंडोजवर चालेल. पण विंडोजवरचा पहिला फोन, लुमिया, बाजारात यायला नोव्हेंबर उजाडला. मधले नऊ महिने दुकानात जे सिम्बियन फोन होते, त्यांच्याविषयी कंपनीच्या प्रमुखानेच सांगून ठेवलं होतं की याला भवितव्य नाही. वर्षभरात नोकियाच्या स्मार्टफोनची विक्री निम्म्यावर आली.

हे नवं नव्हतं. १९८१ मध्ये ॲडम ऑस्बोर्न यांनी बरोबर नेता येईल असा संगणक विकायला काढला. वजन जवळपास अकरा किलो, किंमत १,७९५ डॉलर, सोबत लेखनाची आणि हिशेबाची सॉफ्टवेअरं फुकट. तो भराभरा खपला. १९८३ मध्ये पुढच्या यंत्राची वार्ता त्याच्या तयारीआधीच बाहेर पडली आणि विक्रेत्यांनी जुन्या मालाच्या ऑर्डरी थांबवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोर झाली. तिच्या पतनाला दुसरीही कारणं होती, हे पुढे त्या प्रकरणात सविस्तर आलं आहे. ऑस्बोर्न यांचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं होतं आणि २००३ मध्ये त्यांचा मृत्यूही तमिळनाडूतच, कोडाईकनालला झाला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा धडा नोकियापुढे अठ्ठावीस वर्षं होता.

त्या धड्याची किंमत कुणी मोजली हेही पाहिलं पाहिजे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला होता. हजारो कामगार, त्यांत मोठ्या संख्येने खेड्यांतून आलेल्या तरुण मुली. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा घेतला तेव्हा करविवादामुळे हा कारखाना व्यवहारातून वगळला गेला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी तो बंद झाला. धोरण, बाजारपेठ, हिस्सा असे शब्द वापरताना त्या मुलींची आठवण ठेवूनच मी हे पुस्तक लिहिलं आहे.

मायक्रोमॅक्सची वाटचाल मला अधिक चटका लावून जाते. वीज नसलेल्या गावांसाठी महिनाभर चालणाऱ्या बॅटरीचा फोन घेऊन ही कंपनी २००८ मध्ये फोनच्या बाजारात उतरली. बंगालमध्ये ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ पाहून ही कल्पना सुचल्याचं तिच्या संस्थापकांपैकी राहुल शर्मा सांगत आले आहेत. २०१४ च्या अखेरच्या तिमाहीत कॅनॅलिस या संस्थेच्या गणनेनुसार ती सॅमसंगला मागे टाकून भारतात स्मार्टफोनमध्ये पहिली आली. सॅमसंगला ती गणना मान्य नव्हती, पण एक भारतीय कंपनी तिथवर पोचली होती हे नाकारता येत नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं. त्याचं जाळं पूर्णपणे फोर-जीचं, बोलणंसुद्धा त्यावरूनच. मायक्रोमॅक्स आणि तिच्यासारख्या कंपन्यांकडे तेव्हा थ्री-जी फोनचा माल पडून होता. चीनच्या कारखान्यांत काही महिने आधी मागणी नोंदवावी लागते, त्यामुळे कालच्या बाजाराचा अंदाज आज गोदामात येऊन पडतो. दोन महिन्यांनी नोटाबंदी झाली. दुकानदारांच्या भाषेत सांगायचं तर चालता माल रातोरात डेड स्टॉक झाला. आणि ज्या चिनी कारखान्यांकडून या कंपन्या फोन घेत होत्या त्यांच्याच देशातल्या शाओमी, ओप्पो, विवो आता स्वतःच्या नावाने इथे उभ्या होत्या. मायक्रोमॅक्सने गिऱ्हाईक नोकियापेक्षा चांगलं ओळखलं होतं, पण फोन स्वतः घडवण्याची विद्या कमावली नाही. फुजीकडे पडत्या काळात जे उरलं होतं, ते हिच्याकडे नव्हतं.

जाहिरातीविषयी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण मार्केटिंग म्हणजे जाहिरात असा समज आपल्याकडे घट्ट आहे. मुंबईच्या मर्क इलेक्ट्रॉनिक्सने १९८१ मध्ये ओनिडा आणला आणि गोपी कुकडे यांच्या कल्पनेतून त्याला शिंगं-शेपटीचा सैतान मिळाला. शेजाऱ्याला हेवा वाटावा आणि मालकाला अभिमान, असं म्हणणारी ती जाहिरात चाळीतल्या आणि कॉलनीतल्या माणसाच्या मनाचा ठाव घेणारी होती. चाळीत टीव्ही एकाकडे असतो आणि बघायला सगळे येतात, हे जाणूनच ती रचली होती. भारतीय जाहिरातकलेतल्या श्रेष्ठ कामांत मी तिची गणना करतो. पण पुढे नव्वदीत अकाईने जुना टीव्ही देऊन नवा नेण्याची योजना आणली, सॅमसंग आणि एलजी आल्या. एलजीने भारतीय भाषांत मेनू दिला, लहान गावांत सर्व्हिस सेंटरं उघडली, पुढे पुण्याजवळ रांजणगावला कारखाना घातला. घराघरांत टीव्ही आल्यावर शेजाऱ्याचा हेवा ही गोष्टच उरली नाही. बिघाड झाला तर माणूस कधी येईल, हा प्रश्न उरला. सैतान लोकांच्या आठवणीत अजून आहे, पण लोक कोरियन टीव्ही घेऊन घरी गेले.

गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं हे ओळखणं, गिऱ्हाइकाची सतत बाजू घेणाऱ्या ॲमेझॉनसारख्या कंपनीलाही जमलं नाही. तिचा फायर फोन २०१४ मध्ये चार जास्तीचे कॅमेरे घेऊन आला, चित्राला खोली दिसावी म्हणून. ती खोली कुणालाच नको होती. त्या वर्षी कंपनीने १७ कोटी डॉलर या फोनपायी नुकसान म्हणून दाखवले.

वाचताना एक सावधगिरी बाळगावी. निकाल ठाऊक असताना निर्णय मूर्खपणाचा वाटतो. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणला तेव्हा चित्राच्या दर्जाबद्दल तिची भूमिका चुकीची नव्हती. तिच्या टेपवर एक तास मावत होता, पुढच्या वर्षी आलेल्या जेव्हीसीच्या व्हीएचएसवर दोन तास, आणि सिनेमा दोन तासांचा असतो. शिवाय जेव्हीसीने आपलं तंत्र इतर उत्पादकांना मोकळेपणाने दिलं. गणेशोत्सवात रात्रभर भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर आपण जे सिनेमे पाहिले ते सगळे व्हीएचएसवर होते, त्याचं मूळ जपानमधल्या त्या दोन निर्णयांत आहे. पण १९७५ मध्ये बसून हे ओळखणं सोपं नव्हतं. म्हणून या पुस्तकात प्रत्येक ठिकाणी त्या माणसांना त्या दिवशी काय दिसत होतं ते आधी मांडण्याचा प्रयत्न केला आहे आणि न्याय नंतर केला आहे. व्हिडिओकॉनच्या बाबतीत मी कठोर झालो आहे असं कुणाला वाटेल. टीव्हीचा बाजार बदलत असताना तेल, दूरसंचार, डीटीएच अशा दूरदूरच्या क्षेत्रांत पाय पसरणं आणि त्यासाठी कर्ज वाढवत नेणं, याचं समर्थन मला सापडलं नाही. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे १२२ परवाने रद्द केले, त्यांत तिचेही होते.

पुस्तकाची एक मर्यादा मात्र मला सलते. कोडॅक, सोनी, ॲपल, नोकिया यांच्याविषयी लिहिणं शक्य झालं, कारण त्यांच्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. मोरितांनी आत्मचरित्र लिहिलं, सॅसन यांनी आपल्या कॅमेऱ्याची हकिगत सांगितली, नोकियातल्या अभियंत्यांच्या मुलाखतींवर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं. चितेगावच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या एकाही फोरमनचं लेखन माझ्या हाती आलं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत टीव्हीपासून मोबाइलपर्यंतचा सगळा प्रवास काउंटरमागून पाहिलेल्या दुकानदाराचंही नाही. कुठली कंपनी किती मार्जिन देत होती, कुणाचा माल परत घेतला जायचा, गिऱ्हाईक दुकानात शिरताना कुठल्या वस्तूचं नाव घेत होतं आणि बाहेर पडताना काय घेऊन जात होतं, हे त्यांना जितकं ठाऊक आहे तितकं कुठल्याही अहवालात सापडणार नाही. ही माणसं आता वयस्कर होत आहेत. वाचकांपैकी कुणी या व्यवसायात होतं किंवा कुणाच्या घरात असं माणूस असेल, तर त्याच्याकडून हे लिहून घ्या. जुनी दरपत्रकं, स्कीमची परिपत्रकं, गॅरंटी कार्डं, दुकानाच्या वह्या रद्दीत घालू नका. पुढच्या आवृत्तीत व्हिडिओकॉनचं प्रकरण त्या माणसांच्या तोंडून लिहिलेलं असावं, अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी मला तुमची मदत हवी आहे.